पावतीपुस्तक छापण्याआधी

खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात यात्रेच्या चार दिवसांत सगळं गाव घरी असतं. सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली माणसं परततात. देवळाचा कळस असो की कुस्त्यांचा फड, वर्गणी त्याच दिवसांत उभी राहते. अलीकडं त्या वर्गणीत जिल्हा परिषदेची शाळाही आली आहे. कुठं टीव्ही येतो, कुठं भिंतींना रंग लागतो, कुठं कपाटभर पुस्तकं येतात. गावानं आपल्या शाळेसाठी पैसे उभे करावेत का, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. 'हो' म्हणणाऱ्यालाही मुलांची कळकळ असते आणि 'नको' म्हणणाऱ्यालाही.

पुढचा संवाद मी रचला आहे. बोलणारे दोघं आहेत : एक निवृत्त केंद्रप्रमुख आणि त्यांची भाची. भाची चौथीपर्यंतच्या, २७ पटाच्या, दोन शिक्षकी शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. तिची मुलगी त्याच शाळेत दुसरीत आहे. माणसं आणि त्यांची शाळा कल्पित असली, तरी त्यांच्या बोलण्यात आलेले कायदे, योजना आणि सरकारी रकमा खऱ्या आहेत.

भाची : मामा, यात्रा आठ दिवसांवर आलीय. उद्या विट्याला जाऊन पावतीपुस्तकं छापायला टाकते. तुम्ही फक्त मजकूर बघून द्या.

मामा : बघतो की. पण पैसे कशाला हवेत ते आधी सांग.

भाची : एक मोठा टीव्ही, वाचायची पुस्तकं आणि गणिताचं साहित्य. बाई स्वतःच्या पगारातून कार्डशीट आणि रंग आणतात. किती वर्षं आणायचं त्यांनी?

मामा : सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. थोडे होते, पण हक्काचे होते. बरं, शाळेला सरकारकडून वर्षाला काय येतं, ते समितीच्या बैठकीत कधी वाचून दाखवलंय का?

भाची : संयुक्त अनुदान येतं, एवढं माहीत आहे.

मामा : समग्र शिक्षा २०१८ साली आली. तिच्यात पटाप्रमाणं शाळा अनुदान ठरलंय. तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. म्हणजे तुझ्या शाळेला दहा हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. खडू, हजेरीपट, लाईटबिल, फुटलेली कौलं, सगळं उरलेल्यात बसवायचं.

भाची : मग तुम्हीच सांगा, त्यातून पुस्तकं येतील का?

मामा : त्यातून नाही येणार. पण त्याच योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत आणि खेळाच्या साहित्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे. ती गेल्या तीन वर्षांत तुमच्या शाळेपर्यंत आली का? पैशाच्या रूपात आली की वस्तूंच्या? आली असेल तर पुस्तकं कुठं आहेत? नसेल तर का नाही? हे लेखी विचारल्याशिवाय गावापुढं पावतीपुस्तक धरू नये. माझं म्हणणं तेवढंच आहे.

भाची : विचारलं तर उत्तर यायला किती दिवस लागतात, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. गुरुजी सांगतात, पैसे येतात ते मार्चच्या तोंडावर. आता तर खात्यात रक्कमही पडत नाही, खर्चाची मर्यादा तेवढी येते, आणि वर्ष संपलं की ती परत जाते. मग दोन दिवसांत जे मिळेल ते, मिळेल त्या दुकानातून आणायचं. मामा, माझी मुलगी आज दुसरीत आहे. जोडाक्षर आलं की अडते. तिच्या हातात पाठ्यपुस्तकाशिवाय वाचायला काही नाही. तुमचा अर्ज पंचायत समितीतून जिल्ह्याला, तिथून पुण्याला जाऊन परत येईपर्यंत ती पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेली असेल.

मुलाची इयत्ता थांबत नाही, हे कुठल्याही शासन निर्णयानं खोडता येणार नाही. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट सरकारनंच २०२१ साली ठरवलं. वाचायला पुस्तकच नसेल तर ते मूल समजून वाचणार कसं? मामांना हे ठाऊक आहे. म्हणूनच पुढं ते आवाज न चढवता बोलतात.

मामा : शिक्षण हक्क कायद्याचं आठवं कलम वाच. शाळेची इमारत, शिक्षक आणि शिकण्याचं साहित्य पुरवणं हे शासनाचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कायद्याच्या परिशिष्टात तर याद्याच आहेत. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं. त्यात वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणं अध्यापन साहित्य असावं. हे १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तू जे वर्गणीतून आणायला निघालीस, ते तुझ्या मुलीचं येणं आहे.

भाची : येणं आहे ना, मग आलं का नाही?

मामा : कारण कुणी लिहून मागितलं नाही. बाविसाव्या कलमात शाळा विकास आराखडा आहे. तो समितीनं करायचा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात. कायद्यानं हा अधिकार मुद्दाम तुमच्या हातात दिलाय. पण किती शाळांत आराखडा मुख्याध्यापक एकटे संध्याकाळी भरतात आणि अध्यक्षांची सही तेवढी घेतात! माझ्या केंद्रातल्या शाळांचे आराखडे मी बघितलेत. एकाची नक्कल दुसऱ्यात. डोंगरावरच्या वस्तीला आणि बाजारच्या गावाला एकच गरज कशी असेल?

भाची : पण वर्गणीनं काम झालं तर बिघडतं कुठं?

मामा : बिघडतं ते कागदावर. तुम्ही टीव्ही आणला की वर्षाच्या माहितीत 'टीव्ही आहे' एवढीच नोंद जाते. गावानं शंभर पुस्तकं दिली की 'ग्रंथालय आहे'. शाळेची गरज नोंदीतून पुसली जाते. मग वरच्या साहेबाला वाटतं, इथलं भागलंय. पुढच्या वर्षी तो बैठकीत सांगतो, त्या गावानं केलं, तुम्हाला का जमत नाही? मी अशा बैठकांना बसलोय. लोकसहभाग किती रुपयांचा मिळवला, हे शिक्षकाला उभं करून विचारलं जातं. त्यानं किती मुलांना वाचायला शिकवलं, ते त्यानंतर.

भाची : म्हणजे गावानं हातच लावायचा नाही? कर्मवीर भाऊराव पाटलांनी काय केलं? १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांनी सरकारच्या आदेशाची वाट बघितली का? घराघरातून मूठमूठ धान्य गोळा झालं म्हणून वसतिगृहातली पोरं जेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. आपल्या भागातली किती घरं त्यामुळं शिकली! तुमचं स्वतःचं शिक्षण त्याच संस्थेत झालंय.

मामा : झालंय. म्हणूनच सांगतो, कर्मवीरांचा अर्धाच धडा घेऊ नको. त्या काळी गरिबाच्या पोराला शिकवणं हे सरकारवर कायद्यानं बंधन नव्हतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, बडोद्यात सयाजीरावांनी त्याच्याही आधी. बाकी मुलखात अंधार होता. कर्मवीरांनी ती पोकळी भरली. आणि १९४८च्या सुमारास मुंबई सरकारनं रयतचं अनुदान थांबवलं, तेव्हा मुठीच्या धान्यावर भागवा, असं कुणी म्हटलं नाही. ते अनुदान परत सुरू व्हावं म्हणून गाडगेबाबांनी स्वतः त्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकला. लोकांचा हात आणि सरकारचं अनुदान, दोन्ही लागतात, हे त्या माणसांना पुरतं कळलं होतं.

भाची : मग मीही दोन्हीच मागतेय.

मामा : तू एकच मागतेयस, कारण ते सोपं आहे. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यातलं मुख्य गाऱ्हाणं काय होतं? सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तिच्या पोरांच्या प्राथमिक शिक्षणावर त्यातलं फारच थोडं खर्चलं जातं. आज काय वेगळं आहे? केंद्रानं २००४ साली करावर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून तो ४ टक्के आहे. कोईमतूरला दुकान टाकलेला आपला गलाईवाला आयकर भरतो, त्यावर हा उपकर देतोच. त्याच्याच दारात तू पुन्हा त्याच कारणासाठी उभी राहणार.

भाची : तो आनंदानं देतो, मामा. त्याला कुणी जबरदस्ती करत नाही. ज्या शाळेत तो पाटी घेऊन बसला, तिच्यासाठी काही करावं असं त्याला वाटतं. ते त्याचं शाळेशी नातं आहे, त्याला कराच्या हिशेबात कशाला बसवता? आणि एक सांगू? गावानं पैसे घातले की गाव शाळेत यायला लागतं. ज्यानं पंखा दिला, तो पंखा फिरतो का बघायला येतो. मग गुरुजी आले का, पोरं वाचतात का, हेही बघतो. सरकारी खोक्यातून आलेल्या वस्तूकडं कोण बघतं?

मामा : हे खरं आहे. मी नाकारत नाही.

मामा इथं थोडे थांबतात, आणि त्यांनी थांबावं असं मलाही वाटतं. पैसे देणारा माणूस शाळेच्या कारभारात लक्ष घालतो, हा वर्गणीचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो रुपयांत मोजता येत नाही. मात्र मामांचा पुढचा मुद्दा मला या सगळ्या वादात सर्वांत जड वाटतो.

मामा : आता मला सांग, आपल्या गावापासून तीन किलोमीटरवर मेंढपाळांची वस्ती आहे. तिथंही जिल्हा परिषदेचीच शाळा आहे. पट अकरा. निम्मे बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर असतात, काही ऊसतोडीला. त्या वस्तीतला कुणी गलाईला गेला नाही. त्यांच्या यात्रेला वर्गणी किती जमेल?

भाची : फार नाही.

मामा : म्हणजे ज्या गावाचे लोक बाहेर जाऊन पुढं आले, त्या गावच्या पोरांना पुस्तकं, आणि ज्यांना कुणी मागं नाही, त्यांच्या पोरांना काही नाही. शाळा दोन्ही सरकारी, दोन्हीचा कायदा एक. कंपन्यांच्या पैशाचंही तेच. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के हिस्सा समाजकार्यावर घालायला लावला, आणि त्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं म्हटलं. कारखाने पुणे, मुंबई, रायगडकडं. आपल्या दुष्काळी पट्ट्यात कुठला कारखाना, आणि कुठलं आसपास?

भाची : आणि ती दत्तक शाळा योजना?

मामा : सप्टेंबर २०२३चा शासन निर्णय. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना १ कोटी, तेही वस्तू आणि सेवांच्या रूपात. हवं तर देणगीदारानं सुचवलेलं नाव शाळेला लागतं. अकरा पटाच्या वस्तीवर कुणी ५० लाख घालेल का? नावासाठी देणारा माणूस जिथं नाव चार लोकांना दिसेल तिथंच जाणार. आणि शाळेचं नाव भाड्यानं द्यायची गोष्ट नव्हे. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचं नाव बदलण्याच्या अटीवर कर्मवीरांना मोठी देणगी देऊ केली होती आणि त्यांनी ती झिडकारली, ही आठवण आपल्याकडं अजून सांगतात.

भाची : मामा, वस्तीच्या शाळेचं तुमचं म्हणणं मला टोचलं. पण तिथं पुस्तकं नाहीत म्हणून माझ्या शाळेतही नकोत, असं म्हणून वस्तीवरच्या पोरांना काय मिळालं? दोन्हीकडं नाहीत, एवढंच. मला असं वाटतं, वर्गणी एका शाळेच्या नावानं मागायचीच नाही. केंद्रात दहा-बारा शाळा आहेत. पुस्तकं केंद्राच्या नावानं घेऊ. प्रत्येक शाळेला चाळीस पुस्तकांची एक पेटी. दर दोन महिन्यांनी पेट्या बदलायच्या. केंद्रातल्या शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक एकत्र येतातच, तेव्हा अदलाबदल होईल. वस्तीला सगळ्यात आधी पेटी जाईल. वर्षाअखेर प्रत्येक मुलासमोरून दोनशे-अडीचशे पुस्तकं गेलेली असतील.

मामा : गावकरी म्हणतील, आमचे पैसे दुसऱ्याच्या शाळेला का?

भाची : काही म्हणतील. मी सांगेन त्यांना.

मामा : हे तू आधी बोलली असतीस तर मी निम्मा वाद घातला नसता. बरं, पुस्तकं कोणती?

भाची : मुंबईच्या एका मंडळानं जुनी पुस्तकं देऊ केलीत. दोन पोती.

मामा : आभार मानून परत पाठव. जुन्या पुस्तकांच्या पोत्यात काय निघतं, मी बघितलंय. स्पर्धा परीक्षांचे कालबाह्य मार्गदर्शक, बारावीची नवनीतं, फाटलेल्या कादंबऱ्या. दुसरीच्या पोराला सोळा पानांचं, मोठ्या टायपाचं, चित्रांचं पुस्तक लागतं. पानावर दोन ओळी, फार तर चार. 'किशोर' बालभारती १९७१पासून काढते आहे, मोठ्या मुलांसाठी त्याची वर्गणी भरा. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं बघा. आणि यादी देणगीदारानं करायची नाही, अध्यक्षानंही नाही. बाईंना करू दे. कुठलं पोर कुठं अडलंय, ते तिला माहीत आहे.

भाची : आणि पुस्तकं कपाटात कुलपात गेली तर? आमच्या शाळेत आधीची साठ-सत्तर आहेत. नवीकोरी. गुरुजी काढूच देत नाहीत.

मामा : त्यांच्यावर रागावू नको. पुस्तक साठा नोंदवहीत चढलं की ते सरकारी मालमत्ता झालं. हरवलं, फाटलं, तर तपासणीला येणारा माणूस विचारतो, भरून द्या म्हणतो. वसुलीची भीती वाटली की शिक्षक कुलूप लावतोच. समितीनं ठराव करायचा : पुस्तकं मुलांनी घरी न्यायची, फाटणार आणि काही हरवणार हे धरून चालायचं, दरवर्षी अमुक इतकी समिती निर्लेखित करेल आणि शिक्षकाकडून वसुली होणार नाही. ठरावावर सगळ्यांच्या सह्या. त्या एका कागदानं कपाट उघडेल.

शाळेच्या साहित्यावर लिहिलेल्या कितीतरी लेखांत हा कुलपाचा मुद्दा येत नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त बोलावंसं वाटतं. खेड्यातल्या शाळेत पुस्तकं नाहीत, असं आपण म्हणतो. कित्येक ठिकाणी ती असतात आणि मुलांना दिसत नाहीत. गणिताच्या साहित्य पेट्या सरकारनं पाठवल्या, त्यांतले मणी मोजून परत भरायला अर्धा तास जातो म्हणून पेटीच उघडत नाही. वस्तू पोचवण्यापलीकडं ती वापरायची मोकळीक शिक्षकाला द्यावी लागते, आणि ती द्यायला पैसा लागत नाही. देणगीदारांनी एवढं तरी विचारावं : गेल्या वेळी दिलेलं आज कुणाच्या हातात आहे?

भाची : आता टीव्हीचं बोला.

मामा : टीव्ही नको.

भाची : का नको? ठाणे जिल्ह्यातली पष्टेपाड्याची शाळा डिजिटल म्हणून राज्यभर गाजली. किती शिक्षक ती बघून आले.

मामा : आले, आणि त्यानंतर गावोगाव वर्गणीतून पडदे, प्रोजेक्टर, टॅब आले. पुढं लाईटबिल कुणी भरायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. बिलं थकली, कित्येक शाळांची वीज तुटली. मीटर काढून नेलेल्या खोलीत प्रोजेक्टर लटकतोय, असं चित्र मी एका नव्हे, बऱ्याच शाळांत पाहिलं. वर्गणी एकदा जमते, बिल दर महिन्याला येतं. आणि दुसरं, त्याच काळात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या शाळांनी काय केलं? चिंचोके, खडे, मणी, दशकाच्या जुड्या, फरशीवर आखलेल्या चौकटी. पोरं फरशीवर बसून संख्या हाताळत होती. २०१५ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, तेव्हा राज्यभरातले शिक्षक तिथं रांगा लावत होते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर त्याच्या कितीतरी आधी आदिवासी मुलांबरोबर परिसरातल्या वस्तूंवर काम उभं केलं. ज्याला हात लावता येतो, त्यातून लहान मूल शिकतं.

भाची : चिंचोके आणि टीव्ही यांचं भांडण कशाला लावता? माझ्या मुलीनं समुद्र पाहिलेला नाही. बंदर म्हणजे काय, जहाज केवढं असतं, हे तिला चिंचोक्यात कसं दाखवू? बाईंच्या मोबाईलभोवती सत्तावीस डोकी गोळा होतात. शहरातल्या पोरांच्या वर्गात पडदा आहे आणि आमच्या पोरांनी फरशीवरच समाधान मानायचं, हे मला पटत नाही. बिलाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीनं बिल भरायचा ठराव आधी करून घेते, मग टीव्ही घेते.

मामा : ठराव सरपंच बदलला की विसरतात.

भाची : मग नव्या सरपंचाच्या मागं लागेन. मीही गावातच आहे.

मामा : बरं. मला अजून पटलेलं नाही, पण तुझ्या या बोलण्याला माझ्याकडं उत्तरही नाही. पैशाचा कारभार कसा ठेवणार?

भाची : गुरुजींच्या हातात एक रुपया द्यायचा नाही. समितीच्या खात्यात पैसे, शक्य तिथं वस्तूच घ्यायची, प्रत्येकाला पावती. खर्च ग्रामसभेत वाचून दाखवायचा आणि शाळेच्या भिंतीवर लावायचा.

मामा : शिक्षकाला पैशापासून लांब ठेवलंस हे फार बरं केलंस. चांगल्या मनानं वर्गणी जमवून नंतर चौकशीत अडकलेले शिक्षक मी पाहिलेत. आता शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त वाटतं. पालकांकडून घेणार का?

भाची : प्रत्येक पालकानं शंभर रुपये, असं ठरलंय.

मामा : ते आजच रद्द कर. शाळा मोफत आहे, कायद्यानं. शंभर रुपये 'ऐच्छिक' म्हणायचे आणि मग ज्याच्या बापानं दिले नाहीत त्याचं नाव वर्गात निघायचं, हे मी होताना पाहिलंय. ते पोर दुसऱ्या दिवशी येत नाही. कारण विचारलं तर पोटात दुखतं म्हणतं. पालकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्याला काही द्यायचंय त्यानं शनिवारी येऊन फरशी आखून द्यावी, कपाटाला फळ्या ठोकून द्याव्यात, आजीनं येऊन गोष्ट सांगावी.

भाची : रद्द केलं.

मामा : आणि २६ जानेवारीला माईकवरून रकमा पुकारायच्या नाहीत. वह्या वाटताना पोरांना रांगेत उभं करून हात पुढं करायला लावून फोटो काढतात, ते तर मुळीच नको. आपल्या शाळेतलं पुस्तक घेताना कुठल्या पोरानं उपकाराखाली का यावं? पेटी आली, उघडली, पोरांनी घेतली. देणगीदाराला खर्चाचा हिशेब पाठवा आणि पोरांनी वाचलेल्या पुस्तकांची यादी पाठवा. चांगल्या माणसाला तेवढं पुरतं.

भाची : हे गलाईवाल्यांना पटवणं अवघड आहे. त्यांना स्टेजवरचा नारळ-फेटा हवा असतो.

मामा : काहींना हवा असतो. त्यांना यात्रेच्या स्टेजवर द्या, शाळेत नको.

भाची : आता माझी एक अट. तुम्ही नुसतं 'सरकारकडं मागा' म्हणून सुटायचं नाही. अर्ज तुम्ही लिहून द्यायचा. ग्रंथालय अनुदान, खेळाचं अनुदान, वर्गनिहाय साहित्य, सगळं कायद्याच्या कलमासकट. तीन वर्षांचा विकास आराखडाही माझ्याबरोबर बसून करायचा, नक्कल न करता. पंचायत समितीत पोच घ्यायला मी जाईन. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेचं नाव घालायलाही मीच भांडेन.

मामा : आणि पावतीपुस्तक?

भाची : छापणार. पण पावतीच्या मागच्या बाजूला दोन रकाने छापते. एका रकान्यात शासनाकडून येणं असलेलं, अर्जाच्या तारखेसह. दुसऱ्यात गावाकडून मागतोय ते. देणाऱ्यालाही कळू दे, पहिल्या रकान्याचं काय झालं. पुढच्या यात्रेला तो मला तेच विचारेल.

मामा : पंचायत समितीतले लोक नाराज होतील.

भाची : तुम्ही नोकरीत होतात तेव्हा झाले असते. आता तुमचं काय घेणार आहेत?

मामा : माझं काही नाही घेणार. गुरुजींना मात्र त्रास होईल. म्हणून अर्जावर गुरुजींची सही नको. तुझी आणि समितीतल्या पालकांची घे, सगळ्यांची. मेंढपाळ वस्तीच्या शाळेच्या समितीचा अर्जही त्याच दिवशी, त्याच टेबलावर जाऊ दे. त्यांच्या अध्यक्षांना लिहिता येत नाही.

भाची : त्यांचा अर्ज मी लिहिते. टीव्ही मात्र यादीत राहील.

मामा : ग्रामपंचायतीचा ठराव हातात आल्यावर. त्याआधी पावतीवर टीव्हीचं नाव घालू नको.

भाची : ग्रामसभा यात्रेनंतर आहे.

मामा : मग यात्रेला पुस्तकांपुरतेच माग.